मुक्या रिळांतला ब्राझील

ब्राझील नकाशावर दाखवा म्हणालात तर माझं बोट आधी आफ्रिकेवर पडेल. माझं शिक्षण मराठी चौथी, तेही नंदुरबारच्या शाळेत मास्तरांचा मार खाऊन. पण त्या ब्राझीलच्या एका रस्त्यावर, टोपी घालून, चारपाच जणांच्या वाजंत्रीत चालणारा एक फिडलवाला, म्हणजे व्हायोलिन वाजवणारा, मला माझ्या सख्ख्या काकापेक्षा जास्त ओळखीचा आहे. त्याला मी फार तर दहा-बारा वेळा पाहिला असेन. एका वेळी सात-आठ सेकंद, बस. त्याचं नाव मला ठाऊक नाही. आणि तेच ठाऊक नसण्यावरून पुढं जे रामायण झालं ते आज सांगतो. संपादकांनी "तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा" असं कळवलं होतं. गमती आहेत, त्याही येतील. पण सगळ्याच गमती नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

मी सुपडू, सिनेमाचा ऑपरेटर. मुक्या सिनेमाच्या काळात मोहनलाल शेठच्या तंबूत लागलो. शेठ मूळचे मारवाडातले, बाजारात कापडाचं दुकान आणि वर हा तंबूचा नाद. दसरा झाला की आमचा तंबू बैलगाड्यांवर चढायचा, तो नंदुरबार, शहादा, तळोदा करत हिंडायचा, आणि मृग लागला की गोडाऊनमध्ये गुंडाळून पडायचा. एकदा तर शेठनं हट्टानं सातपुड्यातल्या मोलगीच्या बाजारालाही यंत्र चढवलं होतं. घाटात यंत्राचं ओझं गड्यांच्या खांद्यावर, यंत्राच्या दिव्यात जाळायच्या कार्बनच्या कांड्या माझ्या धोतरात गुंडाळलेल्या आणि शेठ मागून घोड्यावर, "सांभाळजो रे भाया, सांभाळजो," असा जप करत. तिथल्या लोकांनी सिनेमा शांतपणे पाहिला आणि संपल्यावर पडद्याचं कापड हातानं चाचपून बघितलं. एक म्हातारा मला हिंदीत म्हणाला, "इतके लोक आले होते, गेले कुठून?"

तंबूत पडदा मधोमध असायचा. पुढं बसणारे वेगळे, पडद्यामागं बसणारे वेगळे. मागच्यांना सगळं चित्र आरपार दिसायचं, पण उलटं. राजा डाव्या हातानं तलवार उपसायचा, नटी डाव्या हातानं ओवाळायची. कुणाची कधी तक्रार नसे. मागं बसणाऱ्यांतला एक गडी तर मला म्हणाला होता की सिनेमातली माणसं सगळी डावखुरीच असतात, म्हणून तर ती सिनेमात जातात.

आता ते यंत्र कसं चालायचं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुकं यंत्र हातानं फिरवायचं. सेकंदाला दोन फेरे, ना कमी ना जास्त. हात मंदावला की पडद्यावरची माणसं पाण्यातून चालल्यासारखी चालतात, हात वाढला की तुरुतुरु पळतात. दीड तास एका लयीत दांडा फिरवणं म्हणजे काय ते फिरवणाऱ्यालाच माहीत. फिल्मची एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर मसाला. चित्र त्या मसाल्यात असतं. फिल्म तुटली की पात्यानं कडा खरवडायच्या, सोल्युशन लावायचं, दाबून धरायचं. तुटका तुकडा जोडताना मसाल्याची बाजू एका अंगाला यायला हवी. ती ओळखायची कशी? ओठाला लावायची. मसाल्याची बाजू ओठाला हलकीशी चिकटते. गुळगुळीत बाजू चिकटत नाही. डोळ्यांनी फसाल, ओठांनी नाही. हे मला ज्यानं शिकवलं त्याच्या पायावर मी आजही डोकं ठेवीन.

मुक्या सिनेमाला आवाज द्यायला तंबूत वाजवणारे लागत. आमचे होते कायतान मास्तर. गोव्याचे, बार्देश तालुक्यातल्या एका खेड्यातले, ख्रिस्ती. गावच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, लहानपणी फिडल शिकलेले. नोकरीसाठी मुंबई, मुंबईहून एका नाटक कंपनीबरोबर नंदुरबार, आणि कंपनी बुडाल्यावर इथंच आमच्या तंबूत. पंधरा वर्षं खानदेशात काढून माणूस असा अहिराणी बोलायचा की बाजारात भाजीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसत. कोट-पाटलून घातलेला, डोक्याला टोपी, आणि तोंडानं, "ओ माय, हाई वांगं कसाले असं सुकेल शे?" गोव्याचा तो हेल मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

चित्रात दंगा असला की मास्तरांची फिडल दंगा करायची. चित्रात आई मेली की तंबूतल्या बाया मास्तरांमुळं रडायच्या, पडद्यामुळं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पुढं बोलपट आले. पडदाच बोलायला लागला आणि मास्तरांचं काम गेलं. शेठनं त्यांना काढलं नाही, एवढं शेठचं पुण्य. खेळाआधी तंबूबाहेर ग्रामोफोनवर गाणी लावायची, गर्दी जमवायची, असं काम दिलं. शिवाय मास्तर लग्नाच्या बँडवाल्यांना शिकवत. पण फिडल पेटीतून निघेनाशी झाली. मी म्हणायचो, "मास्तर, वाजवा ना काहीतरी." ते म्हणायचे, "कोणले दखीसन वाजाडू?" कोणाकडं बघून वाजवू? चित्राकडं बघून वाजवायची सवय झालेली ना.

मास्तरांना एक धाकटा भाऊ होता, मिंगेल. तो बोटीवर नोकरीला लागला आणि ब्राझीलला सांतोस बंदरात उतरून राहिला. तिथली भाषा पोर्तुगीज, म्हणजे गोव्याच्या माणसाला घरचीच. तिथं वाजंत्रीत वाजवतो म्हणून एक पत्र आलं. मग दुसरं आलंच नाही. सोळा वर्षं. गावी म्हातारी आई. त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी इगर्जीत प्रार्थना घालतात, मीस म्हणतात तिला. गावचे लोक म्हातारीला म्हणत, आता मिंगेलच्या नावानं मीस घाल. म्हातारी म्हणायची, जित्या पोराची मीस घालू? आणि ज्यानं विचारलं त्याच्याशी बोलणं टाकायची. मास्तरांना वर्षातून एकदा घरी जाणं व्हायचं, तेव्हा म्हातारी पहिला प्रश्न हाच विचारायची, मिंगेलचं काही कळलं? मास्तर म्हणायचे, "सुपडू, मी घरात पाय ठेवण्याआधी माय मन्हा खांद्यावरथून मांगे देखस. बरोबर कोणी ऊना का म्हनीसन." हे सांगताना ते हसायचे. मला हसू यायचं नाही.

तर दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी, ऐन पावसाळ्यात, तंबू गुंडाळलेला असताना, शेठच्या दुकानावर एक पत्र आलं. विद्यापीठातल्या एका प्रोफेसरांचं. हे प्रोफेसर मूळचे आमच्या शहाद्याकडचे, लहानपणी आमच्या तंबूत जमिनीवर बसून सिनेमे पाहिलेले. विद्यापीठात ते भूगोल शिकवत. त्यांनी ब्राझील देशाचे तीन दिवस ठरवले होते. तिथून आलेल्या कुणा प्रवाशाकडून त्यांना चार मुकी रिळं मिळाली होती आणि पेटीभर ग्रामोफोनच्या तबकड्या. पहिले दोन दिवस तीच चित्रं, रोज वेगळ्या मुलांना, तिसरा दिवस नुसत्या गाण्यांचा. अडचण अशी की शहरातल्या थेटरांनी मुकी यंत्रं केव्हाच मोडीत काढलेली, आणि बोलपटाच्या यंत्रावर ही रिळं लावली की कॉफीची पोती वाहणारे हमाल माकडांसारखे पळत होते. मुलं हसून लोळत होती. प्रोफेसरांनी लिहिलं होतं, तुमचं जुनं यंत्र असेल तर ते, ते फिरवणारा हात असेल तर तो, आणि गोव्याचे मास्तर असतील तर तेही पाठवा, म्हणजे तबकड्यांवर काय गायलंय ते एकदाचं आम्हाला कळेल.

शेठची छाती फुगली. "विद्यापीठ आपल्याला बोलावी ऱ्हायनं!" असं त्यांनी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. लुगडं घ्यायला आलेल्या बायांनासुद्धा. प्रोफेसरांनी रिळं आधीच पाठवून दिली, तुमच्या यंत्रावर एकदा चालवून बघा म्हणून.

पावसाळ्यात जिनिंगचा कारखाना बंद असतो. तिथल्या मोकळ्या शेडमध्ये दुपारी ताडपत्र्या लावून अंधार केला, कारखान्याच्या इंजिनावर वीज घेतली. तिसऱ्या रिळात एक तुकडा तुटून निघालेला होता, वेगळ्या कागदात गुंडाळून पाठवलेला. मी तो जोडला. आणि इथं ती गोष्ट झाली. माझ्या तोंडात तंबाखूचा बार होता. नुकताच भरलेला, कडक. तो थुंकून, तोंड धुऊन, ओठ कोरडे करून फिल्म ओठाला लावायची, एवढा कंटाळा मी केला. उजेडाकडं धरून पाहिलं, वाटलं बरोबर आहे, दोन्ही कडा खरवडल्या आणि चिकटवून मोकळा झालो. वीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा ओठाला विचारलं नाही.

शेड भरली होती. शेठ, शेठची माणसं, हमाल, मास्तर पुढच्या खुर्चीवर. पहिल्या रिळात कॉफीचे मळे, दुसऱ्यात नदी आणि जंगल. तिसऱ्यात त्यांचा कार्निव्हाल. हा सण गोव्यातही असतो, रंग उधळतात, सोंगं घेतात. मास्तर खुशीत येऊन मागं वळून सगळ्यांना सांगत होते. मग तो मी जोडलेला तुकडा आला. चित्र जरा पुसट आलं, मी भिंग फिरवून साफ केलं. पुसट का आलं, हे स्वतःला विचारलं नाही. मसाला उलट्या अंगाला आला की असंच होतं, हे मला ठाऊक असून विचारलं नाही.

रस्त्यानं वाजंत्री येत होती. बासरीवाला, गिटारवाला, ढोल, आणि कडेला एक फिडलवाला. टोपी डोळ्यांवर. तो डाव्या हातानं गज ओढत होता.

"म्हजो भाव!"

मास्तर इतक्या मोठ्यानं ओरडले की माझा हात थांबला. ती त्यांची कोकणी होती, पंधरा वर्षांत मी कधी ऐकली नव्हती. लगेच अहिराणीवर आले, "सुपडू, परत फिरव! हाऊ मन्हा भाऊ शे! मन्हा मिंगेल शे हाऊ!"

मी परत फिरवलं. चारदा, पाचदा. मास्तर पडद्याला नाक लावून उभे. मिंगेल डावखुरा होता. घरात फिडल एकच, थोरल्याची, तीच तो उलटी धरून वाजवायचा. इगर्जीत वाजवायला शिकवणाऱ्या गुरुजींनी त्याच्या डाव्या हातावर छडी मोडली होती, तरी त्यानं हात बदलला नाही. "सगळा बार्देशात डाव्या हातना एकच," मास्तर म्हणत होते, "सगळा बार्देशात एकच!" तोंड नीट दिसत नव्हतं. पण कुणाला तोंड बघायचंय? गिटारवालाही डाव्याच हातानं तारा छेडत होता, तिकडं तरी कुणाचं लक्ष होतं? शेठनं पेढे मागवले. हमालांनी मास्तरांना उचलून नाचवलं. मास्तर रडत होते आणि मीही रडत होतो, खोटं कशाला सांगू? मला वाटलं, आपल्या हातून एका घरात दिवा लागला. मास्तरांनी त्याच संध्याकाळी आईला पत्र टाकलं. मिंगेल जिता आहे, मी डोळ्यांनी पाहिला.

आठ दिवसांनी ताप्ती लाइनच्या गाडीनं आम्ही सुरत आणि तिथून पुढं विद्यापीठाच्या शहरात गेलो. मोठा दगडी हॉल, उंच खिडक्या, त्यांना काळे पडदे. दारातच एका पट्टेवाल्यानं माझ्या गालाकडं पाहिलं आणि म्हणाला, "आत तंबाखू चालत नाही. थुंका." मी थुंकलो. वर जाऊन यंत्र मांडलं, खेळाआधी रिळं तपासायला बसलो. सवयीप्रमाणं प्रत्येक जोड ओठाला लावत गेलो. तिसऱ्या रिळातल्या माझ्या जोडाशी आलो. अलीकडची फिल्म ओठाला चिकटली. पलीकडची चिकटली नाही.

आता इथं लोक मला विचारतील, तू थांबून विचार का नाही केलास? अहो, ऑपरेटरला उलटा जोड दिसला की त्याचे हात थांबत नाहीत. त्यात विद्यापीठ, प्रोफेसर, समोर चारशे शिकलेली पोरं. मी तो तुकडा सोडवला, पलटला, परत जोडला, दाबून धरला. सोल्युशन वाळेपर्यंत बोटांत धरून बसलो आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. तुकडा उलटा होता म्हणजे माणूसही उलटा होता. तो फिडलवाला डावखुरा नाहीच. तो चारचौघांसारखा उजव्या हातानं वाजवतो. मिंगेल नाही तो. ब्राझीलमधला कुणीही आहे.

घंटा झाली. मुलं आत येत होती. मास्तर पडद्याशेजारी दोन ग्रामोफोन मांडून बसले होते, नवा कोट घालून. चित्राबरोबर तबकड्या बदलायच्या, हे त्यांचं काम. कितीतरी वर्षांनी त्यांना पुन्हा चित्राकडं बघून वाजवायचं होतं.

तिसरं रिळ लागलं. वाजंत्री आली. फिडलवाला आला, उजव्या हातानं गज ओढत. आला आणि गेला. वरून मला मास्तरांची पाठच दिसत होती. तबकडी संपली, सुई नुसतीच खरखर करत राहिली, आणि मास्तर हलले नाहीत. हॉलमध्ये चुळबुळ झाली. प्रोफेसर पुढच्या रांगेतून उठायला लागले तेव्हा मास्तरांनी दुसरी तबकडी लावली.

खेळ संपल्यावर ते जिना चढून वर आले. दम लागला होता. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "सुपडू, खरं कोनतं? नंदुरबारनं का आजनं?"

ओरडले नाहीत, कॉलर धरली नाही. माझ्याकडं असं बघत होते की काय सांगू. पत्र गेलेलं होतं. म्हातारीनं ते गावभर वाचून घेतलं असणार. मी म्हणालो, "नंदुरबारचं खरं, मास्तर. आज घाईत तुकडा उलटा लागला. चूक झाली माझ्याकडून."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. मग हसायला लागले. "गधडा! विद्यापीठमा ईसन इज्जत घालाडी आपली! वीस वरीस दांडा फिरायना आनि तुकडा उलटा लाइ ऱ्हायना!" मला शिव्या देत होते आणि माझी पाठ थोपटत होते. मी मान खाली घालून ऐकत होतो. माझ्या धंद्यात मला त्याआधी कुणी अशी शिवी दिली नव्हती, आणि ती मी स्वतःच मागून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी काय करणार? तुकडा पुन्हा सोडवला आणि जाणूनबुजून उलटा जोडला. विद्यापीठासमोर, चारशे मुलांसमोर, मी चुकीचं चित्र दाखवलं. भिंग फिरवलं तरी थोडं पुसट यायचं ते आलंच. प्रोफेसरांच्या नजरेतून ते सुटलं नाही. जाताना त्यांनी मला दाखला दिला, त्यात चांगल्या चार ओळी लिहून शेवटी लिहिलं की तिसऱ्या रिळात एके ठिकाणी ऑपरेटरचं लक्ष नव्हतं. दाखला माझ्या ट्रंकेत आहे. लक्ष होतं, साहेब. त्या सात-आठ सेकंदांइतकं लक्ष मी आयुष्यात कधी दिलं नाही.

तिसरा दिवस गाण्यांचा, आणि तो मास्तरांचा. एकेक तबकडी लागायची, ती संपली की मास्तर उभे राहून तिचा अर्थ सांगायचे. पोर्तुगीज त्यांना कळत होतं, शुद्ध मराठी येत नव्हतं, त्यामुळं ब्राझीलची गाणी त्या दगडी हॉलमध्ये अहिराणीत उतरली. आधी पोरं हसली. एक गाणं होतं, बोटीवर निघालेल्या माणसाचं. मास्तरांनी सांगितलं, "तो बाईले सांगस, मन्हं कुडतं धवू नको. त्याले मन्हा वास ऱ्हाऊ दे." मग कुणी हसलं नाही. प्रोफेसरांनी तीच तबकडी पुन्हा लावायला सांगितली. शेवटी मास्तरांनी पेटीतून फिडल काढली आणि त्या तबकडीबरोबर वाजवली. किती वर्षांनी! मुलं बाकं वाजवत होती. मास्तरांना मी इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. खाली एका कोपऱ्यात उभा राहून मी स्वतःची समजूत घातली की बरं केलंस सुपडू, काय बिघडलं?

मास्तर माझ्याबरोबर परत आले नाहीत. तिथूनच मुंबईला आणि मुंबईहून रेल्वेनं गोव्याला गेले, आईला तोंडानं सांगायला. स्टेशनवर मला म्हणाले, "दसराले येस. तंबू मन्हाशिवाय उभा करू नका."

दसऱ्याआधीच त्यांचं पत्र आलं. मास्तर अहिराणी लिहायचे ती इंग्रजी अक्षरांत, आमचा पोस्टमास्तर एकेक अक्षर लावून वाचायचा आणि अर्धं मला लागायचं, अर्धं त्याला. लिहिलं होतं, मायनं ऐकलं आणि म्हणाली, भाऊ जिता आहे तर इथं काय करतोस? जा, घेऊन ये. मी आहे तोवर आण. मास्तरांना बोटीवर वाजवायचं काम मिळालं होतं. आधी लिस्बन, तिथून पुढं ब्राझील. बोट आठ दिवसांनी सुटणार. "त्याले लईसनच येस," म्हणजे भावाला घेऊनच येतो, असं शेवटी लिहिलं होतं.

त्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. तिच्याशिवाय कुणाला बोललो नव्हतो. तिनं तव्यावरची करपलेली भाकरी उतरवून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तुम्हीन पाप करं का पुन्य करं, माले नही समजस. पन आते तार करी टाका. आज नही ते कव्हय?"

मी पोस्टात गेलो. तारेचा फॉर्म घेतला. काय लिहायचं? माणूस तुझा भाऊ नाही, येऊ नकोस. एवढंच. पोस्टमास्तर म्हणाला, "सांग, मी लिहितो." मला वाटलं, तार पोचेल तेव्हा म्हातारी शेजारीच बसलेली असेल. मास्तर ती वाचून दाखवतील किंवा दाखवणार नाहीत, पण तोंड लपवता यायचं नाही. मग असंही वाटलं, कोण जाणे, तो माणूस मिंगेल नसला म्हणून काय झालं, मिंगेल तिथं असेलही. सांतोस काय एवढं मोठं असणार? एक भाऊ दुसऱ्या भावाला शोधायला गेला तर सापडणार नाही असं थोडंच आहे? माणूस स्वतःला काय काय पटवतो! मी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि "उद्या येतो" म्हणून निघालो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस गेले. ही माझी दुसरी चूक, आणि तिला तंबाखूचं निमित्त नाही.

सांतोसहून एक कार्ड आलं. पोचलो. अजून भेट नाही. रस्त्यावर वाजंत्री दिसली की मागं जातो आणि विचारतो. डाव्या हातानं वाजवणारा लोकांना माहीत नाही, पण देश मोठा आहे. यंत्राला तेल घालत जा. त्यानंतर लढाई लागली. समुद्रातली टपाल बंद झाली. लढाई संपली, टपाल सुरू झाली, कार्ड आलं नाही. शेठ विचारायचे, "मास्तरचं कांई?" मी मान हलवायचो. पुढं शेठही गेले, तंबू मोडला, नंदुरबारला पक्कं थेटर झालं, तिथं मी निवृत्त होईपर्यंत यंत्र चालवलं. परदेशातली बातमीपटाची रिळं यायची. रस्त्यावरची गर्दी दिसली, कुठं बँड दिसला की मी खिडकीला डोळा लावायचो. मिंगेलला नव्हतो शोधत. पन्नाशीतला, कोट-पाटलून घातलेला, उजव्या हातानं वाजवणारा माणूस शोधत होतो.

लढाई संपल्यानंतर दोन-तीन वर्षांनी मला गोव्याहून पत्र आलं. गावातल्या कुणा दुकानदाराकडून मराठीत लिहवून घेतलेलं, खाली म्हातारीचा अंगठा. पत्ता नुसता, "सुपडू, सिनेमावाला, नंदुरबार." तरी पोचलं. तिनं लिहवलं होतं की तुमचे उपकार मी विसरले नाही. तुम्ही माझा मिंगेल मला दाखवलात. आता कायतानही तिकडं गेला, त्याचं काही कळत नाही. तुमच्याकडं तिकडची चित्रं येत असतील. त्यात कायतान कुठं दिसला का? दोघं बरोबर आहेत का? तो खोकतो, गळ्याला मफलर असतो का एवढं बघून कळवा.

मी ते पत्र घेऊन दोन दिवस हिंडलो. मग उत्तर लिहिलं, आई, अजून दिसला नाही, दिसला की कळवतो. ते तरी खरं होतं.

आता म्हातारी नसणार. मिंगेलच्या, मास्तरांच्या नावानं तिनं मीस घातली नसणार, हेही मला ठाऊक आहे. दिवाळी अंक ब्राझीलला जात नाहीत, आणि गेलाच तर तिथं मराठी कोण वाचणार? पण मास्तर, तुम्ही पंच्याहत्तरीत असाल, कुठल्या तरी बंदरावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या वाजंत्रीतला डावा हात अजून शोधत असाल, तर पुरे करा. नंदुरबारचं खोटं होतं, विद्यापीठातलं पहिल्या दिवसाचं खरं. तुम्ही मला विचारलं होतंत आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तो तुमचा भाऊ नव्हता, मास्तर. परत या.